बीई दुसऱ्या वर्षातून अमेरिकेतल्या विद्यापीठात ट्रान्सफर: कुणी केलंय का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. इथे वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच. आम्ही सांगलीचे. मुलगी पुण्यात कंप्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न. तीन सेमिस्टर झाली, सीजीपीए ८.४, एकही विषय मागे राहिलेला नाही. अभ्यास झेपत नाही म्हणून सोडतेय असं नाही, हे आधीच सांगते.

दिवाळीत घरी आली तेव्हा फराळाच्या ताटावरच तिने सांगितलं की तिला माणूस भाषा कशी शिकतो, मेंदूत नेमकं काय होतं, हे शिकायचंय आणि त्यासोबत कोडिंगही सोडायचं नाहीये. या विषयाला कॉग्निटिव्ह सायन्स म्हणतात हे मला तिच्याकडूनच कळलं. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात या विषयाचा जगातला पहिला विभाग १९८६ साली सुरू झाला. तिला तिथे जायचंय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हे सहकारी बँकेत आहेत. शेतीचा एक तुकडा विकायची तयारी आहे, पण तो एकदाच विकता येतो. पुण्यातला एक कन्सल्टंट म्हणतोय, "थेट तिसऱ्या वर्षात बसवून देतो, एकही वर्ष वाया जाणार नाही." फी साडेतीन लाख, निम्मी आगाऊ. हे खरंच असं होतं का? ह्यांचं म्हणणं, आधी बीई पुरं करू दे, मग बघू. ज्यांनी केलंय, ज्यांनी सोडून दिलंय, दोघांनीही सांगा.

धान्यकोठार
ताई, मी मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठाच्या रजिस्ट्रार ऑफिसात आहे. बाहेरच्या देशांतून आलेल्या मुलांची क्रेडिट तपासणं हेच ११ वर्षं माझं काम. म्हणून पहिल्यांदा हे सांगते: "थेट तिसऱ्या वर्षात" हे वचन देण्याचा अधिकार त्या कन्सल्टंटला नाही. पुष्कळदा प्रवेशाचं पत्र देताना आम्हालाही ते ठाऊक नसतं. प्रवेश एक टेबल देतं, क्रेडिट दुसरं टेबल ठरवतं, आणि मोठे विषय तर त्या त्या विभागाच्या प्राध्यापकाकडे जातात.

इथे पदवी वर्षांनी मोजत नाहीत, क्रेडिटनी मोजतात. साधारण १२० सेमिस्टर क्रेडिट झाली की पदवी. तुमच्या मुलीची तीन-चार सेमिस्टर आमच्याकडे येतात तेव्हा आम्ही एकेक विषय उचलून बघतो की हा आमच्या कोणत्या विषयाशी जुळतो. "अभियांत्रिकी गणित १" या नावावरून मला काहीच कळत नाही. त्यात कॅल्क्युलस किती, मॅट्रिक्स किती, आठवड्याला किती तास, पुस्तक कुठलं, हे लागतं. सिलॅबस नीट जोडला असेल तर तो विषय आमच्या कॅल्क्युलसच्या बरोबरीचा ठरू शकतो. नसेल तर "गणित, सर्वसाधारण" म्हणून तीन क्रेडिट पडतात. कागदावर ती दिसतात, पण पुढच्या विषयाचं दार उघडत नाहीत, आणि मुलीला कॅल्क्युलस पुन्हा घ्यावं लागतं. क्रेडिट मिळणं आणि क्रेडिट उपयोगी पडणं यांत हा फरक आहे. पालकांना तो फी भरल्यावर कळतो, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

इंजिनिअरिंगच्या मुलांचं एक ठरलेलं दुखणं आहे. गणित, भौतिकशास्त्र, प्रोग्रामिंग, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटा स्ट्रक्चर्स हे बऱ्यापैकी जुळतं. इंजिनिअरिंग ग्राफिक्स, मेकॅनिक्स, वर्कशॉप हे कॉग्निटिव्ह सायन्सच्या पदवीत कुठेच बसत नाही. आणि इथल्या पदवीला जे लागतं, म्हणजे इंग्रजी निबंधलेखन, इतिहास, समाजशास्त्र, कलेचा एखादा विषय, ते आपल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी केलेलंच नसतं. म्हणून दोन वर्षं शिकून आलेली मुलगी आमच्या हिशोबात दीड वर्षाची ठरू शकते, कधी एका वर्षाची.

दुसरं, गुण येत नाहीत. फक्त क्रेडिट येतात. बहुतेक ठिकाणी जीपीए नव्याने शून्यापासून सुरू होतो. अर्थात प्रवेश देताना जुने गुण बघतातच, आणि ८.४ चांगला आहे.

आज करण्यासारखं एकच काम सांगते. आत्तापर्यंतच्या प्रत्येक विषयाचा, ती शिकली त्याच वर्षीचा सिलॅबस विद्यापीठाच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या आणि कॉलेजकडून सही-शिक्का मारून घ्या. पॅटर्न बदलला की जुनी पानं शोधणं फार जड जातं.

रानजाई
+१ सिलॅबससाठी. माझ्या भावाने हे केलं नव्हतं. दोन विषय पुन्हा करावे लागले.

खाडीकाठ
मी या वाटेने गेलोय म्हणून सविस्तर लिहितो. मी नाशिकचा. बीएस्सीचं एक वर्ष करून क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात आलो, तिथून यूसी डेव्हिस. आता नोकरीला लागून चार वर्षं झाली.

काकू, कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे यूसी, ट्रान्सफरच्या जागा देताना कॅलिफोर्नियाच्याच कम्युनिटी कॉलेजांतल्या, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांतल्या, मुलांना झुकतं माप देतं. हे त्यांचं जाहीर धोरण आहे. भारतातून सरळ सॅन डिएगोला ट्रान्सफर मागणारी मुलगी त्या रांगेत मागे उभी असते. म्हणून बाहेरच्या देशांतली मुलं आधी कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं करतात: डी अँझा, फुटहिल, डायब्लो व्हॅली, सांता मोनिका. कम्युनिटी कॉलेज हे नाव ऐकून आपल्याकडे नाक मुरडतात, माझ्या मामांनीही मुरडलं होतं. पण मला कॅल्क्युलस शिकवणाऱ्या बाईंसारखं शिकवणारं मला नंतर डेव्हिसलाही कुणी भेटलं नाही. वर्गात ३५-४० मुलं, आणि बाई प्रत्येकाला नावाने ओळखायच्या.

आता टॅग. ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी. यूसीचे सहा कॅम्पस हे देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. ठरलेले विषय आणि ठरलेला जीपीए असेल तर प्रवेश पक्का. माझ्या वेळी डेव्हिसला चारपैकी ३.२ लागत होता, अर्व्हाइनला ३.४. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो टॅग देत नाहीत. म्हणजे तुमच्या मुलीचं आवडतं विद्यापीठ नेमकं टॅगबाहेर आहे. पण टॅग एका कॅम्पसला भरून बाकीच्या कॅम्पसना साधा अर्ज करता येतो. कॉग्निटिव्ह सायन्स डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड आणि सांता क्रूझ इथेही आहे. एक सावधगिरी: कंप्युटर सायन्ससारखे गर्दीचे विषय काही कॅम्पसनी टॅगमधून काढले आहेत, तेव्हा विषयानुसार दर वर्षीची यादी बघायची.

वेळापत्रक असं. समजा २०२६ च्या सप्टेंबरात कम्युनिटी कॉलेज सुरू केलं. टॅगचा अर्ज २०२७ च्या १ ते ३० सप्टेंबरमध्ये. यूसीचा मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जानेवारीत ताजे गुण भरायचे. निकाल एप्रिलअखेरपर्यंत, होकार १ जूनपर्यंत. २०२८ च्या सप्टेंबरात तिसरं वर्ष सुरू. तोवर ६० सेमिस्टर क्रेडिट किंवा ९० क्वार्टर क्रेडिट व्हायला हवीत, आणि त्यातली निदान निम्मी कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजची हवीत. परराज्यातल्या आणि परदेशी मुलांना यूसीची किमान अट २.८ जीपीएची आहे, कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना २.४. पण किमानावर कुणी जात नाही.

म्हणजे हिशोब रोखठोक मांडला तर भारतातली दोन वर्षं सोडून पुन्हा चार वर्षं. कन्सल्टंट हे सांगणार नाही. मी एकच वर्ष सोडलं, तरी माझ्या बाबांना ते पचायला बराच काळ लागला.

काम विषयांच्या पातळीवर करायचं. असिस्ट डॉट ओआरजी नावाची अधिकृत साइट आहे. त्यावर आपलं कम्युनिटी कॉलेज, हवा तो कॅम्पस आणि हवा तो विषय निवडला की कुठला कोर्स कुठल्या कोर्सच्या जागी चालतो ते ओळीने दिसतं. मुलीला आजच उघडायला सांगा, पैसे लागत नाहीत. मी पहिल्या आठवड्यात त्याची छापील प्रत टेबलासमोर चिकटवली होती आणि विषय झाला की पेन्सिलने खूण करायचो.

आणि कृपा करून ही गोष्ट लक्षात ठेवा: पुण्यात शिकलेलं लपवायचं नाही. यूसीच्या अर्जात आधी शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचं नाव मागतात. "इंजिनिअरिंगचं सांगू नकोस, नव्याने सुरू करतेय म्हण" असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. नंतर कळलं तर मिळालेला प्रवेश रद्द होतो.

कोथरूडकर_काका
दुसरी बाजू मांडतो. कुणाला दुखवायचं नाही.

तुमच्या यजमानांचं म्हणणं जुनाट नाही. मुलीने बीई पुरं केलं तर एमएससाठी अमेरिकेची वाट सरळ आहे. एमएस दीड-दोन वर्षांत होतं. चार वर्षांच्या पदवीपेक्षा एकूण खर्च पुष्कळ कमी. कॉग्निटिव्ह सायन्सकडे वळायचं तर भाषा आणि मेंदूवर काम करणाऱ्या कंप्युटर सायन्सच्या प्रयोगशाळाही आहेत, आणि भाषाशास्त्राच्या विभागांना प्रोग्रामिंग येणारी मुलं हवी असतात. पीएचडीला गेली तर बहुतेक ठिकाणी फी माफ होते आणि विद्यावेतनही मिळतं. पदवीला परदेशी मुलांना सरकारी विद्यापीठांकडून गरजेवर आधारित मदत जवळजवळ नसते. यूसीच्या कॅम्पसवर परदेशी मुलाचा राहण्याखाण्यासकट वर्षाचा खर्च ८०,००० डॉलरच्या आसपास जातो. शेवटची दोन वर्षं म्हटली तरी दीड लाख डॉलरच्या वर. एका शेतजमिनीच्या तुकड्यात हे बसतं का, हा प्रश्न मुलीसमोर बसून विचारा. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती चांगली आहे, पण ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी मिळते, पदवीला नाही.

एक मात्र कबूल करतो. बीई झाल्यावर "मला पुन्हा पदवीच करायचीय" म्हणाली तर यूसी सहसा दुसऱ्या पदवीसाठी प्रवेश देत नाही. म्हणजे ट्रान्सफर करायचं तर आत्ताच करावं लागेल, मागाहून ती वाट उरत नाही.

खाडीकाठ
काकांचा आकडा बरोबर आहे. माझे वडील दोन वर्षं झोपले नव्हते. भर म्हणून: कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं यूसीच्या निम्म्याहून कमी खर्चात होतात, पण माझ्या वेळी डी अँझाला हॉस्टेल नव्हतं. क्युपर्टिनो-सनीव्हेलचं भाडं जीव काढतं. आम्ही चौघं एका टू-बीएचकेमध्ये होतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास कॅम्पसवर काम करता येतं, मी लायब्ररीत करायचो. त्यातून भाजी-किराणा निघतो, फी नाही.

तुळशीबाग_ते_टेम्पे
मी इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष करून ॲरिझोनात ट्रान्सफर झाले, कम्युनिटी कॉलेजात न जाता. भारतातल्या बाजूचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते: सगळ्यात मोठी लढाई माझ्या भारतातल्या कॉलेजशी झाली.

मी ॲडमिशन रद्द करायला गेले तेव्हा ऑफिसने दहावी-बारावीच्या मूळ मार्कलिस्ट परत द्यायला नकार दिला. "उरलेल्या तीन वर्षांची फी भरा, मग न्या," असं तोंडी सांगितलं. लेखी मागितलं तर देत नव्हते. बाबा तीन वेळा रजा टाकून आले. आई खिडकीसमोर उभी राहून रडली, ते मी अजून विसरू शकत नाही. शेवटी आम्ही यूजीसीची २०१८ सालची अधिसूचना छापून नेली. मूळ प्रमाणपत्रं कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. सोबत एआयसीटीईकडे तक्रार केली त्याची पोच जोडली. बारा दिवसांत कागद हातात आले.

म्हणून ताई, ट्रान्सफरचं नाव काढण्याआधी मूळ कागद कुठे आहेत ते बघा. कॉलेजात असतील तर "पासपोर्टच्या कामाला" वगैरे खोटं सांगू नका, सरळ अर्ज करा आणि पोच घ्या. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टला, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या अधिकृत गुणपत्रिकेला, आठवडे जातात, सीलबंद पाकिटं किती हवीत ते आधी मोजा. मला पाच लागली, मी तीनच मागितली होती. काही विद्यापीठं डब्ल्यूईएस किंवा ईसीई या परदेशी शिक्षण तपासणाऱ्या संस्थांकडून विषयवार मूल्यांकन मागतात. यूसी मात्र परदेशी गुणपत्रिका स्वतःच तपासते, तिथे तो खर्च नको.

आणि मागची वाट पूर्ण बुजवू नका. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे मिळवलेली क्रेडिट ऑनलाइन जमा राहतात ते, खातं मुलीच्या नावे असेलच, त्यात क्रेडिट सात वर्षं राहतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर दोन वर्षांवर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय काही अभ्यासक्रमांत आली आहे. तिच्या कॉलेजात आहे का विचारा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ह्यांना बसवून सगळं वाचून दाखवलं. ८०,००० डॉलर ऐकून दोघंही गप्प झालो. तुळशीबाग, तुझ्या आईचं वाचून मला पुढचं वाचवेना.

कन्सल्टंटला आज फोन केला. म्हटलं, "थेट तिसरं वर्ष" हे लिहून द्या आणि कुठल्या विषयाची किती क्रेडिट धरतील तेही लिहा. म्हणाला, असं लेखी देत नसतात मॅडम. आगाऊ पैसे भरलेले नाहीत, भरणारही नाही. दुसरा एक एजंट म्हणतो, आधी कुठल्याही छोट्या कॉलेजचा आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) घेऊन व्हिसा काढायचा, तिकडे पोचल्यावर हव्या त्या विद्यापीठात बदली करायची. हे कितपत बरोबर?

वऱ्हाडी_डॅलसात
थांबा ताई. हे मी लिहितो, कारण मी अमेरिकेतल्या अमेरिकेत ट्रान्सफर केलंय. एमएसला एका ठिकाणी आलो, पहिल्या सेमिस्टरनंतर विभाग पटला नाही म्हणून दुसरीकडे गेलो.

व्हिसा मुलाखतीत तुम्ही ज्या कॉलेजचं नाव सांगता तिथे जायचा तुमचा खरा इरादा असला पाहिजे. मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीच्या खिडकीवर कुठल्या तरी कॉलेजचं नाव सांगायचं आणि मनात दुसरंच ठेवायचं, हे खोटं बोलणं झालं, आणि ते आयुष्यभर फाइलवर राहतं. कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांनी यूसीत जायचं हा जाहीर, मान्य मार्ग आहे. तो मुलाखतीत उघड सांगता येतो. सांगावाच. "इंजिनिअरिंग अर्ध्यावर का सोडलंस?" हे विचारतीलच. मुलीने स्वतःच्या शब्दांत, दोन वाक्यांत सांगितलं पाहिजे. पाठ केलेलं लगेच कळतं.

पोचल्यावर बदली करता येते, पण तिचे नियम आहेत. तुमची नोंद सेव्हिस नावाच्या सरकारी प्रणालीत असते. नव्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र जुन्या कॉलेजच्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, दाखवायचं. मग दोघं मिळून एक रिलीज तारीख ठरवता. त्या तारखेला तुमची नोंद नव्या विद्यापीठाकडे जाते आणि ते नवा आय-२० देतात. सेव्हिस क्रमांक तोच राहतो, म्हणून ३५० डॉलरची सेव्हिस फी पुन्हा पडत नाही. पासपोर्टवरच्या व्हिसावर जुन्या कॉलेजचं नाव असलं आणि व्हिसाची मुदत उरलेली असली तर तोच चालतो, सोबत नवा आय-२० ठेवायचा. दोन कॉलेजांमधलं अंतर पाच महिन्यांपेक्षा जास्त नको. नवं सत्र सुरू झाल्यावर १५ दिवसांत नव्या डीएसओकडे हजेरी लावायची.

मी एक चूक करता करता वाचलो. रिलीज तारखेनंतरही जुन्या कॅम्पसच्या कॅफेत आठवडाभर शिफ्ट लावून ठेवल्या होत्या. नोंद दुसरीकडे गेली की जुन्या कॅम्पसवरचं काम त्याच दिवशी बंद करावं लागतं, नाहीतर ते बेकायदा काम ठरतं. डीएसओबाईंनी फोन करून सांगितलं म्हणून वाचलो. मास्टर्सवाल्यांसाठी अजून एक: जुन्या ठिकाणची सहा ते नऊ क्रेडिटच सहसा पुढे जातात, म्हणून बदलायचं तर पहिल्या सेमिस्टरनंतरच.

"कुठलंही छोटं कॉलेज" या शब्दांची मला भीती वाटते. मिशिगनमधली युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन जानेवारी २०१९ मध्ये उघडी पडली. ते विद्यापीठ नव्हतंच, अमेरिकन सरकारच्या इमिग्रेशन खात्याने रचलेला सापळा होता. त्यात अडकलेली बहुतेक मुलं भारतीय होती, आणि त्यातली पुष्कळ दुसऱ्या कॉलेजातून ट्रान्सफर होऊन गेली होती, कारण तिथे वर्गात न बसता कामाचा परवाना मिळत होता. त्याआधी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर धाड पडली, तेव्हाही भारतीय मुलंच मोठ्या संख्येने होती. हजेरी नको, वर्ग नको, पहिल्या दिवसापासून काम करा, असं कुणी म्हणालं की तिथे पाय ठेवायचा नाही.

आणि आत्ताचं वातावरण लपवून चालणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी एकाएकी बंद केल्या गेल्या, कोर्टात दावे झाल्यावर महिनाअखेरीस त्या पूर्ववत केल्या. २२ मे २०२५ ला हार्वर्डची परदेशी मुलं घेण्याची परवानगीच सरकारने काढली, तेव्हा शिकत असलेल्यांनी दुसरीकडे ट्रान्सफर व्हावं असं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी कोर्टाने स्थगिती दिली. पण त्या एका रात्रीत तिथल्या मुलांचं काय झालं असेल, हे मी कल्पनेनेच समजू शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने आणखी एक प्रस्ताव मांडला, ज्यात पदवीच्या मुलांना पहिलं वर्ष पूर्ण केल्याशिवाय कॉलेज बदलता येऊ नये असं होतं. म्हणून प्रत्येक पावलाआधी त्या दिवशीचा नियम डीएसओला विचारायचा. इथल्या धाग्यावर नाही, मलाही नाही.

बँकेतला_माणूस
पैशाबद्दल थोडं. लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना, तिच्याखाली एका माणसाला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात, आई-बाबा दोघांची मर्यादा वेगवेगळी. वर्षाला १० लाखांपुढची रक्कम स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी पाठवली तर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापते. तो खर्च नाही, विवरणपत्र भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलं तर टीसीएस नाही. म्हणून जमीन विकून सगळं रोखीने करण्यापेक्षा काही भाग कर्ज घ्या.

कर्जाचं मात्र आधी विचारा. कम्युनिटी कॉलेजला कर्ज द्यायला काही बँका खळखळ करतात, यूसीला देतात. आणि जमीन विकण्याआधी तिच्यावरच्या भांडवली नफ्याचं सीएला विचारा.

कृष्णाकाठची_लेक
नमस्कार, मीच ती. आईने खातं उघडून दिलं. सगळ्यांचं वाचलं, दोन-दोनदा.

असिस्टवर दोन रात्री बसले. डी अँझा ते सॅन डिएगो आणि डी अँझा ते डेव्हिस, दोन्ही कॉग्निटिव्ह सायन्ससाठी काढलं. काय हवंय ते पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं. कॅल्क्युलस, प्रोग्रामिंग, सायकॉलॉजी, संख्याशास्त्र. मी पुण्यात केलेल्या १५ विषयांपैकी माझ्या मते सहा उपयोगी पडतील. बाकीच्यांसाठी दोन दिवस वाईट वाटत होतं, आता नाही वाटत. ग्राफिक्सची शीट काढताना मी खूप शिकले होते, ते कुणी काढून घेत नाहीये.

बाबांशी बोलले. कोथरूडकर काका, तुमची पोस्ट त्यांनी छापून घेतली आहे. आमचं ठरलंय ते असं: दोन्ही वाटांचा खर्च मी एका वहीत वर्षवार लिहायचा, शेत न विकता जे होईल ते आधी. सांता क्रूझ आणि मर्सेडही धरायचं, फक्त सॅन डिएगो नाही. वही पुरी झाल्याशिवाय कुणीच हो किंवा नाही म्हणायचं नाही.

एकच विचारायचंय. चौथ्या सेमिस्टरची परीक्षा तोंडावर आहे. जायचंच असेल तर ती द्यायची का? मैत्रिणी म्हणतात, सोडणारच आहेस तर कशाला जीव काढतेस.

धान्यकोठार
द्यायचीच. आमच्या टेबलावर अर्धं सेमिस्टर म्हणजे काहीच नाही, आणि गैरहजर किंवा नापास असा शेरा मात्र ट्रान्सक्रिप्टवर कायम राहतो. शिवाय डिस्क्रीट आणि डेटा स्ट्रक्चर्स याच वर्षीचे असतील तर तेच तुझे सगळ्यात किमती विषय आहेत. इंजिनिअरिंगमध्येच राहिलीस तरी ही सेमिस्टर लागेलच.

सिलॅबस गोळा केलास का?

कृष्णाकाठची_लेक
हो, चारही सेमिस्टरचे. १४२ पानं झाली. शिक्क्यासाठी उद्या अकराला ऑफिसात बोलावलंय, पोचेचा अर्ज दोन प्रतींत लिहून ठेवलाय. पेपर १९ तारखेपासून आहेत, पहिला गणिताचाच. झाले की येते.

तुळशीबाग_ते_टेम्पे
सीलबंद पाकिटं पाच नको, सात माग.